करड्या पट्टीचं तापमान

ताईला प्रयोगशाळेत सगळे 'थर्मामीटर' म्हणायचे, कारण कुणाचं डोकं तापलंय हे तिला दारातूनच कळायचं. तिचं कामही तसलंच. गाडीच्या ब्रेकवर हुकूम चालवणाऱ्या डबीत एक चिप असते. ती तापते. तिची उष्णता धातूच्या झाकणापर्यंत पोचावी म्हणून मध्ये एक मऊ पट्टी दाबून बसवतात. कुठली पट्टी, ते ताई ठरवायची.

दुपारी भट्टीत तीन डब्या होत्या. भट्टी एकशे पाच अंशांवर. निळ्या पट्टीची चिप एकशे तीसला गेली, गुलाबीची एकशे बावीसला. करड्या पट्टीची सदतीसवर, माणसाच्या अंगाइतकी.

"आत बर्फ ठेवलाय की काय?" तंत्रज्ञ हसला. मीटर बदलला. सदतीस. भट्टी आणखी तापवली. सदतीस. मग मात्र तो हसला नाही.

ताईने जाड हातमोजे घालून करड्या पट्टीची डबी उघडली. पट्टीवरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता! तो सोलूनच पट्टी बसवायची असते. राहिला तर उष्णता अडते, चिप जळते आणि ब्रेक दगा देतात. सकाळी घाईघाईत तिनेच दोन करड्या पट्ट्या बसवल्या होत्या. दुसरी चाचणीच्या गाडीत होती. ती गाडी तिचा धाकटा भाऊ चालवत होता.

तो फोन उचलेना. ती धावत सुटली.

चाचणीच्या रस्त्यावर गाडी सुसाट येत होती, थेट भिंतीच्या रोखाने.

"छोट्याऽऽ!"

टायर किंचाळले. मग सगळं गप्प.

भिंत वीतभर लांब राहिली होती. भाऊ शीळ घालत उतरला.

"काय ब्रेक आहेत गं ताई! लोण्यासारखे. तू का अशी रडतेयस?"

"गधड्या, फोन का नाही उचललास?"

"वाजलाच नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने भावापुढे उकळत्या कॉफीचा मग धरला. त्याने तो दोन्ही तळव्यांत घेतला.

वाफ थांबली.

कॉफीवर बर्फाची पातळ साय धरली. ताईला भट्टीतली सदतीसवरची डबी आठवली.

भाऊ त्या कॉफीवर फुंकर घालत म्हणाला, "फार गरम आहे गं."