दोरीचं दुसरं टोक

ही गोष्ट मी रंगवून सांगणार नाही. माझ्या सख्ख्या भावासोबत घडलेली आहे, आणि यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कंपनीचं नाव तेवढं लिहीत नाही. बाकी सगळं जसंच्या तसं.

ठिकाण, नाशिकची अंबड एमआयडीसी. गेल्या वर्षीचा मे महिना.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

मी अंजली. एका शाळेत क्लार्क आहे. लग्नानंतर इंदिरानगरला राहते. आई आणि धाकटा भाऊ संघर्ष सिडकोत, आमच्या जुन्या घरी. संघर्ष चित्रकार आहे. म्हणजे... तेव्हा होता.

तो फक्त कुत्रे काढायचा.

गुबगुबीत, पाळलेले नाही. रस्त्यावरचे. पुलाखाली झोपलेले, टेम्पोमागे धावून दमलेले, कचऱ्याच्या गाडीकडे बघत बसलेले. कॅनव्हास एवढे मोठे की कुत्रा माणसाच्या उंचीचा व्हायचा. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत त्याची चित्रं लागली होती. लोक विचारायचे, "कुत्रेच का?"

तो म्हणायचा, "माणूस काढला की लोक त्याचे कपडे बघतात, जात शोधतात. कुत्रा काढला की स्वतःला शोधतात."

आमचे पप्पा अंबडलाच एका कंपनीत होते. कंत्राटावर. कंपनीला कुलूप लागलं, तरी डबा घेऊन रोज गेटवर जाऊन उभे राहायचे. आज उघडेल, उद्या उघडेल. पुढे आजारपणात गेले. संघर्षने त्यावरच चित्रं करायला घेतली होती. बंद गेट... आणि गेटवर बसलेला कुत्रा.

आईने पहिलं चित्र जवळ जाऊन पाहिलं.

मग म्हणाली, "बापाला कुत्रा केलास?"

"आई, तसं नाही गं. तो कुत्रा म्हणजे..."

"तुझ्या बापानं कुणापुढं शेपूट हलवली नाही कधी."

"चित्रातला पण हलवत नाही. नीट बघ. तो वाट बघतोय."

आई उठून आत गेली. त्यानंतर तिने त्याची चित्रं बघायची सोडली.

जूनमध्ये नाशिकलाच त्याचं प्रदर्शन ठरलं होतं. त्याचं एकट्याचं, पहिलंच. मोठे कॅनव्हास घरात मावेनात. म्हणून त्याने अंबडला एका बंद पडलेल्या कंपनीची शेड स्वस्तात भाड्याने घेतली. भोवती कंपाउंड, मोडकी वॉचमनची केबिन, मागे वाढलेलं गवत.

आणि तिथे एक कुत्रा होता.

मी पहिल्यांदा गेले तो रविवार होता. त्याच्यासाठी डबा घेऊन गेले होते. एमआयडीसीत कुत्र्यांच्या टोळ्या असतात, माझ्या स्कूटीमागे गेटपर्यंत भुंकत आल्या. गेटशी मात्र थबकल्या...

एकही कुत्रा आत आला नाही.

आत तो एकटाच. तपकिरी, हाडं निघालेला. शेडच्या शटरकडे तोंड करून बसलेला. गळ्यात काथ्याची जाड दोरी, दुसरं टोक धुळीत पडलेलं. मी स्टँड लावला, गाडीचा आवाज झाला, तरी कान हलला नाही.

"भुंकत नाही का हा?"

"अजून तरी नाही," संघर्ष म्हणाला. "थांब. तुला एक दाखवतो. घाबरू नकोस."

आम्ही शेडच्या सावलीत उभे होतो. ऊन नुसतं भाजत होतं. पान हलत नव्हतं.

शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजला. पाळी सुटल्याचा.

कुत्रा उभा राहिला...

आणि धुळीतलं दोरीचं टोक वर उचललं गेलं.

मी वाऱ्याचा विचार केला. पण वारा नव्हताच. दोरी उठली, ताठ झाली, आणि जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर तशीच राहिली. चालता माणूस हातात धरेल तशी.

मग कुत्रा चालायला लागला. दोरी पुढे, कुत्रा मागे. भिंतीच्या कडेकडेने. केबिनपाशी थांबला, पुन्हा निघाला. गवतामागे गेला, दुसऱ्या बाजूने आला. शटरसमोर बसला.

दोरी धप्पकन खाली पडली.

मी दोन पावलं मागे सरकले. संघर्षचे डोळे मात्र चमकत होते.

"रोज होतं हे," तो म्हणाला. "मी तेच काढतोय."

आत मोठा कॅनव्हास होता. त्यावर हाच कुत्रा, चालताना. दोरी ताठ, चित्राच्या कडेपर्यंत गेलेली. आणि तिथेच संपलेली.

"दुसरं टोक कोणाच्या हातात आहे?" मी विचारलं.

"तेच तर चित्र आहे, ताई. ते दाखवायचं नसतं."

मी त्याला तिथून चल म्हणाले. तो हसला. असं चित्र आयुष्यात एकदाच मिळतं म्हणाला.

बाहेर पडताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबले. टपरी नवसाबाईंची. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाहिलं ना तुम्हीपण?"

त्यांनीच सांगितलं. तिथे खंडेराव नावाचे वॉचमन होते. घोटीकडचे. कंपनी बंद झाली, पगार थांबला, तरी माणूस येतच राहिला. दुपारी भोंगा झाला की कंपाउंडला फेरी मारायचा. एक दिवस केबिनमध्येच गेला.

"आणि कुत्रा?"

"तो नंतर दिसायला लागला. त्याचाच आसंल. दुसऱ्या कोणाचा आसणार?"

खरं सांगते, हे ऐकून माझी भीती उलट कमी झाली. मेल्यावरही ड्युटी न सोडलेला म्हातारा आणि त्याचा कुत्रा. मला पप्पा आठवले. घरी जाताना डोळे भरून आले.

आम्ही दोघंही तेच धरून चाललो. तिथेच चुकलो.

काही दिवसांनी दुपारी संघर्षचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"ताई, मी दोरी कापली."

"काय?"

"त्याच्या मानेला जखम झाली होती गं. किडे पडले होते. बघवेना. ब्लेड घेतलं आणि कापली. उठला, अंग झटकलं आणि गेटमधून पळाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि ताई... भुंकला तो! बाहेर गेल्यावर भुंकला!"

मीही हसले. बरं केलंस म्हणाले.

तेवढ्यात फोनमध्ये भोंगा ऐकू आला.

संघर्ष बोलायचा थांबला.

"हॅलो? संघर्ष?"

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग चालल्याचा आवाज. सावकाश. धुळीत पाय ओढल्यासारखा...

फोन कट झाला.

रात्री घरी आला तेव्हा ठीक होता म्हणे. पण दोन दिवसांनी आईचा फोन आला.

"अंजू, हा जेवत नाही गं."

"उन्हाने भूक लागत नसेल."

"तसं नाही. ताट पुढं घेऊन बसतो. बघत बसतो. भूक लागलेली दिसते, पण हात लावत नाही. मी 'जेव' म्हटलं की मग खातो, भराभरा. नाही म्हटलं तर... काल तासभर बसला होता. आणि मान खाजवतो सारखी."

मी त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. त्या रात्री तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि थेट अंबड गाठलं.

टपरीवरून नवसाबाई धावत आल्या.

"ताई, भावाला घेऊन जा तुमच्या. कालपासनं पाहते मी, भिंतीच्या कडंनं फिरतो. हाक मारली तरी बघत नाय."

मी गेटमधून आत गेले. शटर उघडं होतं. आत कुणी दिसेना. बाहेरची कुत्री भुंकत होती, ती एकदम गप्प झाली.

भोंगा वाजला.

संघर्ष शेडमधून बाहेर आला. अनवाणी. त्या फुफाट्यात, पाय भाजतील असल्या उन्हात.

तो चालत नव्हता. म्हणजे पाय चालत होते... पण आधी मान पुढे जायची. हनुवटी वर, मान ताणलेली. मग पाय.

"संघर्ष!"

त्याने बघितलं नाही. मी पळत जाऊन त्याच्या आडवी उभी राहिले. तो थांबला. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. लक्षपूर्वक. कोणी काही सांगेल म्हणून वाट बघावी तसा.

मी त्याचा दंड धरून मागे ओढलं...

आणि कोणीतरी त्याला पुढे ओढलं.

त्याच्या टी-शर्टचा गळा माझ्या डोळ्यांदेखत पुढे ताणला गेला. कापड चिमटीत धरावं तसं. समोर कोणी नव्हतं. नुसतं ऊन होतं.

मी किंचाळले. "सोड त्याला! माझा भाऊ आहे तो! नोकर नाही कोणाचा!"

कोणाला म्हणाले, माहीत नाही.

टी-शर्ट सैल झाला. संघर्ष जागच्या जागी खाली बसला. नवसाबाई गेटमधून आत आल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या बाजूने उचललं. आम्ही त्याला कसंबसं बाहेर काढलं. चित्रं, रंग, त्याची चप्पल, सगळं तिथेच राहिलं. ते आणायला आम्ही कधीच गेलो नाही.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, अंगातलं पाणी कमी झालंय. मानेवरच्या लाल वळाला म्हणाले, घामोळं. सलाईन लावलं. प्रदर्शन रद्द झालं.

मी त्याला माझ्याकडेच ठेवून घेतलं. हळूहळू तो सुधारला. बोलायला लागला, हसायला लागला. जेवायलाही लागला. ब्रश मात्र हातात घेतला नाही.

पावसाळा संपता संपता एक दिवस म्हणाला, "ताई, त्या खंडेरावांच्या घरच्यांना भेटायचंय. त्यांच्या कुत्र्याला मी सोडलं, एवढं सांगायचंय. मग मला बरं वाटेल."

मलाही ते योग्य वाटलं. नवसाबाईंकडून गावाचं नाव घेतलं आणि आम्ही दोघं घोटीला गेलो. तिथून आत, भाताच्या खाचरांमधलं छोटं गाव. खंडेरावांच्या बायको सुलाबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. आम्ही नाशिकहून आलो म्हटल्यावर पाणी दिलं, चहा टाकला.

संघर्षने जपून विषय काढला. "मावशी, काकांचा कुत्रा होता ना कंपनीत... तपकिरी..."

सुलाबाईंचं सूप थांबलं.

"कुत्रं? कोणाचं कुत्रं?"

"काकांनी पाळलेला."

"नाय रं बाबा. त्यांला कुत्र्याचं लय भ्या. ल्हानपनी चावलं व्हतं. आमच्या दारात सुदीक कधी कुत्रं उभं राहू दिलं नाय त्यांनी."

मी संघर्षकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मी विचारलं, "मग कंपनी बंद झाल्यावर ते तिथे कशाला जायचे?"

"मी लय भांडले. म्हनायचे, जावं लागतंय. बोलावत्यात. कोन बोलावतंय, कंपनीत कोन हाय आता? तर गप." सुलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "शेवटी शेवटी तर डोकंच फिरलं व्हतं त्यांचं. ताट वाढून दिलं तरी बसून राह्याचे. मी खा म्हनल्याबिगर घास उचलायचे नाय. ल्हान पोरावानी."



मग संघर्षने अगदी हळू विचारलं, "तुम्ही खा म्हणायच्या आधी... ते कोणाकडे बघायचे?"

सुलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुला कसं ठावं?" त्या म्हणाल्या.

आम्ही चहा न घेताच निघालो.

म्हणजे तो कुत्रा खंडेरावांचा नव्हता. खंडेराव गेले आणि मग तो दिसायला लागला. मग दोरी कोणाच्या हातात होती? खंडेरावांच्या आधी तिथे कोण होतं? आणि संघर्षने ज्याला सोडवलं... ते नक्की काय होतं? मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नाही.

घोटीत स्टँडजवळच्या हॉटेलात थांबलो. दोन राइस प्लेट मागवल्या. दुपारची वेळ, बाहेर गाड्यांचा गोंगाट. मी पहिला घास घेतला आणि वर बघितलं.

संघर्षचे हात मांडीवर होते. ताटातून वाफ येत होती.

मी मुद्दाम गप्प बसले. मला बघायचं होतं. देवाशपथ, मला वाटलं तो आपणहून खाईल.

त्याने नजर उचलली. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या थोडं वर. थोडा वेळ तसाच बघत राहिला...

मग मान हलवली. 'हो' म्हटल्यासारखी.

आणि भराभरा जेवायला लागला.

मी काहीच बोलले नव्हते.

संघर्ष आजही आमच्याकडेच आहे. नोकरी करतो, घरी येतो, टीव्ही बघतो. बघणाऱ्याला काही वेगळं वाटणार नाही. आईही आता आमच्याकडे राहायला आलीये. रोज ताट वाढलं, की आम्हा दोघींपैकी एक जण लगेच म्हणते, "जेव रे."

दुसरं कोणी म्हणायच्या आत.