नात्याचा रकाना

पप्पूच्या झेरॉक्स सेंटरवर त्या दिवशी दोन गठ्ठ्यांची अदलाबदल झाली नसती, तर धम्मशीला खंदारे आज सुखात असती. निदान तिला तसं वाटत तरी राहिलं असतं.

नोव्हेंबर होता, आणि नोव्हेंबरात पडू नये तसा पाऊस सेलूवर चार दिवस भुरभुरत होता. मोंढ्याबाहेर कापसाच्या गाड्या ताडपत्र्या पांघरून उभ्या होत्या. सगळ्या गावाचंच तोंड उतरलेलं होतं. धम्मशीला कॉलेजात इंग्रजी शिकवायची – तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि नव्याने धाकधूक. सहा वर्षं हेच चाललं होतं. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचे जुने पेपर जमवायचा तिला नाद होता. त्यात इंग्रजीचा एक भाग असतो – उतारा वाचायचा आणि खालचे प्रश्न सोडवायचे. आपल्याकडची हुशार मुलं नेमकी तिथेच का आपटतात, हे तिला शोधायचं होतं.

घरी येऊन तिने गठ्ठा सोडला, तर तो तिचा नव्हताच. पेपर तोच, पण कुणीतरी सोडवलेला. अवघड इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक उर्दू अक्षरं, आणि वर कोपऱ्यात मराठीत नाव – आदिनाथ सोळंके, जिंतूर. ती चक्रावली. मग तिची नजर तळ्याच्या उताऱ्यावर गेली. कुठल्याशा परदेशी गावातले लोक जानेवारीत तळ्यावरून पायी जायचे आणि पलीकडून सरपण आणायचे. तळं टणक झालेलं असायचं. लोकांना तळ्याची भीती का वाटत नसे? चार पर्यायांपैकी या गृहस्थाने 'तळे आटले होते' यावर खूण केली होती. बाजूला टिपण होतं – 'जानेवारीतच आटले म्हणजे त्या साली पाऊसमान फारच कमी.'

धम्मशीला एकटीच खळखळून हसली... आणि हसता हसता थांबली. इथलं तळं पायी ओलांडता येतं ते आटल्यावरच. इथल्या माणसाला दुसरं कारण सुचणार तरी कसं? अशी कितीतरी उत्तरं सहा वर्षांत तिने लाल पेनाने खोडली होती. तिला एकदम वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या पत्र्याखाली उभा होता. उंच, सावळा, कॉलर भिजलेली, आणि तिचा गठ्ठा शर्टाच्या आत छातीशी धरलेला. माणूस ओला होता, कागद कोरडे होते. धम्मशीलाने हे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"मॅडम, तुमचे कागद माझ्याकडं आलते. मी जरा वाचले... माफ करा."

"मीही तुमचे वाचले, सर. ते तळं आटलं नव्हतं."

"मग?"

"गोठलं होतं."

त्याने क्षणभर विचार केला. "आख्खं?"

"आख्खं."

"आन् लोकं त्याच्यावरून चालायची?"

"हो."

"लय जिगरबाज हायेत मग," तो गंभीरपणे म्हणाला. काउंटरमागे पप्पू फिस्सकन हसला, आणि धम्मशीलाला ओढणीत तोंड लपवावं लागलं.

पाऊस थांबेपर्यंत बरंच कळलं. आदिनाथ जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता. एका निवृत्त मौलवींकडून तो उर्दू शिकला होता. निजामाच्या काळातले तळ्यांचे कागद, म्हणजे कुठल्या गावचं तळं, किती पाणी, कुणाची पाळी, हे तो घडाघडा वाचायचा. त्यावरच त्याला पीएच.डी. करायची होती. दोनदा परीक्षा दिली, दोनदा इंग्रजीत अडकला. आता मार्गदर्शक निवृत्तीला टेकले होते. यंदानंतर त्यांना नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता, आणि ते कागद वाचू शकणारा दुसरा मार्गदर्शक विद्यापीठात नव्हता.

"म्हंजे यंदाच," तो म्हणाला. "न्हाईतर मग... झालंच."

"रविवारी वाचनालयात या," धम्मशीला बोलून गेली. आपण का बोललो, याचा विचार तिने घरी जाईपर्यंत केला आणि घरी गेल्यावरही केला.

मग तो दर रविवारी जिंतूरहून एसटीने येऊ लागला. हिवाळा सगळा ढगाळ गेला. वाचनालयाच्या लांब टेबलावर दोघं समोरासमोर बसत. मधे पेपर, दोन पेन्सिली, आणि बाजूला वर्तमानपत्राच्या वरून डोळे काढून बघणारे दोन-तीन म्हातारे वर्गणीदार.

"तुमी पाह्यलाय का मॅडम बर्फ?"

"पाहिलाय की. रसवंतीवर. भुशात गुंडाळलेला."

"मग आपण दोघं बी एकाच शाळेतले."

"वाचा पुढं."

"वाचायलोय."

"कागदाकडं बघून वाचा, सर..."

"कागदावर लय अवघड लिहिलंय."

"आणि इकडं सोपं आहे का?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "इकडं तर मॅडम... पर्याय बी दिलेले न्हाईत."

धम्मशीलाने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. त्या दिवशी त्याला एसटीत बसवून ती बसस्टँडवरून पायी घरी गेली आणि वाटेत आपण हसतोय हे तिच्या दोनदा लक्षात आलं.

पण तो याहून पुढे कधी गेला नाही. तो सोळंक्यांच्या घरचा, त्याच्या वडिलांच्या, आबासाहेबांच्या शब्दावर गावात सोयरिकी जुळायच्या आणि मोडायच्या. ती सेलूच्या भीमनगरातली. विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तरामागून जे येईल ते सगळं तिलाच सोसावं लागेल, म्हणून तो विचारत नव्हता. ती वाट पाहत होती, आणि वाट पाहणं तिला अजिबात आवडत नव्हतं.

जानेवारीत पप्पूच्याच दुकानात त्याने परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरला. धम्मशीला प्रिंट घ्यायला म्हणून आली होती. खरं तर ती नुसतीच आली होती.

"सर, एका रकान्यावर किती येळ? मागं लोकं थांबलेत," पप्पू कुरकुरला.

"नेट अडकलंय," आदिनाथ म्हणाला. नेट काही अडकलं नव्हतं. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

फेब्रुवारीत विद्यापीठाचं बंद पाकीट आलं. धम्मशीलाने स्वतः लिहिलेले उतारे तिच्या विभागप्रमुखांनी परस्पर वर पाठवले होते. कापसाच्या जिनिंगमधल्या बाईचा दिवस, एसटीत विसरलेली पिशवी... इंग्रजी कसाला लावणारे, पण बर्फाचा कणही नसलेले. ते वरच्यांना पसंत पडले होते. यंदाचा उताऱ्यांचा भाग तिने काढावा, असं पत्र होतं. तिचे वडील भगवानराव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी ते तीनदा वाचलं. वर 'गोपनीय' लिहिलं होतं, त्यामुळे कुणाला सांगता येईना, आणि न सांगता त्यांना जेवण जाईना.

धम्मशीला रात्रभर जागी होती. याच कामासाठी तर तिने सहा वर्षं कागद गोळा केले होते. यंदा जिंतूरची, राणीसावरगावची पोरं पेपर हातात घेतील आणि त्यांना नुसतं वाचावं लागेल, परदेश माहीत असावा लागणार नाही. आदिनाथ पास होईल, हेही तिच्या मनात आलंच. आणि तिथेच ती अडखळली.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या बालाजीभाऊंनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "खाली सही करा मॅडम. सगळेच करतात, वाचत कुणी न्हाई."

तिने वाचला. 'माझा कोणीही नातेवाईक अथवा निकटचा संबंध असलेली व्यक्ती या परीक्षेस बसलेली नाही. असल्यास नाव व नाते लिहावे.'

"भाऊ, एक जण आहे," ती म्हणाली आणि नाव सांगितलं.

बालाजीभाऊंनी तिच्या नावाकडे पाहिलं. "आडनावावरून तर... नातेवाईक कसे म्हणता?" माणूस भला होता, त्याने आपणहून वाट काढून दिली. "शिकवता का त्यांना? मग विद्यार्थी लिवा. विद्यार्थी तर सगळ्यांचेच असतात, तेवढ्यानं काम जात न्हाई."

एक शब्द लिहायचा होता. पण तो लिहिला आणि उद्या दोघांत काही झालं, तर आदिनाथच्या पास होण्याला कायमचा डाग. आणि काही होऊच द्यायचं नाही म्हटलं, तर त्या एका शब्दाला खरं ठेवण्यात सगळा जन्म घालवायचा. धम्मशीलाने पेन उचलला. नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात दुसराच एक शब्द लिहिला.

बालाजीभाऊंनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "मग पेपर तुमच्याकडं देता येणार न्हाई, मॅडम."

"माहीत आहे."

घरी भगवानराव अंगणात वाट बघत बसले होते. तिने सगळं सांगितलं.

"त्याच्या घरी विचारलंस?"

"त्यालाच नाही विचारलं, बाबा."

"म्हंजे विद्यापीठाला आधी कळवलंस," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. त्या आठवड्यात ते तिच्याशी फारसे बोलले नाहीत. पण रविवारी ती निघाली तेव्हा त्यांनी तिची छत्री दारात आणून ठेवली होती.

आदिनाथला तिने यातलं काही सांगितलं नाही. गोपनीय म्हणून नाही... सांगायचं तर तो शब्दही सांगावा लागला असता, म्हणून. ती त्याला फक्त शिकवत राहिली, पहिल्यापेक्षा जास्त कडक. एप्रिलमध्ये त्याने परीक्षा दिली. मेमध्ये निकाल लागला.

निकालानंतरच्या रविवारी वाचनालय बंद होतं. दोघं गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या बांधावर आले. तळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. भेगाळलेल्या मातीवर कुणाच्या तरी शेळ्या फिरत होत्या, आणि ऊन असूनही सगळं मळकट दिसत होतं.

"एका मार्कानं," आदिनाथ म्हणाला. "बर्फावर घसरायचा खेळ होता, मॅडम. हातात काठ्या घेऊन. काठ्या कशाला, तेच कळंना."

तिने उन्हासाठी ओढणी डोक्यावर ओढली.

"तुमचे कागद आणलेत." त्याने गठ्ठा पुढे केला. "आता रविवारचं येऊन तरी मी... काय करू?"

तिने गठ्ठा घेतला नाही. आज बोललो नाही तर हा जिंतूरच्या एसटीत बसेल आणि परत येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"पेपर माझ्याकडं आला होता, सर. उताऱ्यांचा. मी सोडला."

तो बघतच राहिला. मग त्याचा चेहरा आवळला. "सोडला? माझं जाऊ द्या, पण माझ्यासंगं जिंतूरची सात पोरं बसली होती. एक बी निघालं न्हाई. तुमी बर्फ घातला नसता, मॅडम. का सोडला?"

"निकटचं कुणी परीक्षेला बसलेलं नाही, अशी सही करायची होती. मला करता आली नाही. तुमचं नाव लिहिलं."

शेळ्यांच्या गळ्यातली घंटी वाजत होती. आदिनाथ हळूच म्हणाला, "नात्याचा बी रकाना असंल."

"होता."

"त्यात काय लिहिलं?"

"आहे."

"काय हाय?"

"तेवढंच लिहिलं. नाव – आदिनाथ सोळंके. नाते – आहे."

तो बांधावरच्या दगडावर मटकन बसला. राग कुठल्या कुठे गेला होता. हातातला गठ्ठा त्याने परत छातीशी धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा.

"माझ्या फॉर्मवर बी होता तसला रकाना," तो खाली बघत म्हणाला. "कॉलेजात शिकवणारं कुणी जवळचं हाय का म्हणून. 'होय' का 'न्हाई', तेवढंच दाबायचं होतं."

धम्मशीलाला पप्पूचं दुकान आठवलं. नेट काही अडकलं नव्हतं.

"मी 'न्हाई' दाबलं," आदिनाथ म्हणाला. "खोटं लिहिलं, धम्मशीला. पास झालो असतो तरी... रद्दच झालं असतं."

त्याच्या तोंडचं मॅडम पहिल्यांदाच गळून पडलं होतं. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि त्याने खिशातला रुमाल काढून दिला, तो खडूने पांढरा झालेला होता. मार्गदर्शक जूनमध्ये निवृत्त होणार होते. तळ्यांचे कागद आता तो नुसताच वाचत बसणार होता. तिला जूनमध्ये परत अर्ज करायचा होता, आणि आबासाहेबांना कळल्यावर काय होईल ते दोघांनाही ठाऊक होतं.

तो उठला आणि बांध उतरून खाली मातीत उभा राहिला. हात वर केला.

"येतीस का? पलीकडं जाऊ."

तिने हात धरला. तो गार होता, मे महिना असून.

"भीती वाटायलीय का?" त्याने विचारलं.

"लय," ती म्हणाली.

"मला बी."

तळं तर आटलेलं होतं. भीती कशाची, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. ते पायी चालायला लागले.