पिवळ्या रंगाचा टिपका

"वीरेशनं पारखून दिलेली गाडी ही. ह्यापरास चालत आलो असतो," शांतव्वा आजी प्रेरणाच्या कानाशी पुटपुटली.

मागच्या सीटवर आजी, प्रेरणा, धाकटी सौंदर्या आणि सुट्टीभर यांच्याच घरी जेवणारी शेजारची स्वप्नाली अशा चौघी दाटीनं बसल्या होत्या; पुढं प्रेरणाचे वडील अप्पा गाडी चालवत होते, शेजारी आई. घरात गाडी आली की आधी जोतिबाला न्यायची, मग ती नवी असो की सातव्या मालकाकडची. पण पहिल्याच चढाला जीप धापा टाकायला लागली. मागून काळा धूर सुटला. अप्पांनी गिअर बदलायला क्लच दाबला, तर पेडल तळाला गेलं आणि तिथंच बसलं. अप्पांनी वीरेशमामाच्या पारखीला नावं ठेवत, वाकून ते हातानं उपसून काढलं. शेजारून दुधाचे कॅन बांधलेली मोपेड पुढं गेली. दूधवाल्यानं वळून पाहिलं, त्या नजरेत दया होती. ती अप्पांना जास्त लागली.

देवाला न जाताच गाडी परत फिरली.

जुन्या गाड्या विकणाऱ्या सयाजीरावांनी हात झटकले. अप्पांची शाहूपुरीत गुळाची अडत. तिथंच, चालू सौद्यात, गुळाच्या लिलावाला जमलेल्या दहा अडत्यांसमोर सयाजीराव म्हणाले, की मी गाडी फस्क्लास दिलती, ह्यांच्या मेहुण्यानं उघडून वाट लावली. अप्पांनी वहीत डोकं घातलं. तीन दिवसांत वीरेशमामाच्या गॅरेजमधून दोन अडत्यांनी आपल्या गाड्या उचलून नेल्या. चौथ्या दिवशी मामानं ठरवलं, की शिरोलीच्या वाटेवरचं गॅरेज बंद करायचं आणि शनिवारी पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली कामाला जायचं.

प्रेरणा तेरा वर्षांची. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखायला तिला मामानंच शिकवलं होतं. तिनं त्याला सरळ विचारलं, "मामा, ती गाडी तू पारखलीस?"

मामा फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"तुझ्या आईला त्या घरात नांदायचंय, प्रेरी. सोड."

प्रेरणाला याचा अर्थ लागला नाही. राग मात्र आला, आणि तो सगळाच्या सगळा सयाजीरावांवर गेला. ज्या सौद्यात त्यानं मामाचं नाक कापलं, त्याच सौद्यात त्याचं कापायचं!

दुपारी अप्पा झोपल्यावर तिघी पोरींनी बॉनेट उघडलं. क्लचचं पेडल आठ-दहा वेळा दाबलं की कडक व्हायचं, थोड्या वेळानं पुन्हा ढिलं. म्हणजे तेल कुठून तरी गळत होतं. स्वप्नाली जीपखाली सरपटली आणि नाकाला तेल लावून बाहेर आली. खालच्या छोट्या पंपाचं रबर गेलं होतं, आणि गळक्या तेलावर धुळीचा बोटभर थर बसला होता.

"गाडी येऊन आठ दिवस, त्यात एवढा थर? आमच्या माळ्यावरसुद्धा न्हाय," ती म्हणाली.

इंजिनात हवा भरून चढाला जोर देणारा टर्बो का चालत नाही, हे कोडं सौंदर्यानं सोडवलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तसं आपण साबणाचं पाणी ओतू की! इंजिन चालू करायला आई आली. काही न विचारता तिनं किल्ली फिरवली आणि सांगतील तसा ॲक्सिलरेटर दाबला. टर्बोकडून हवा नेणाऱ्या जाड रबरी पाइपवर फस्सदिशी फेस उठला. पाइप फाटला होता. फटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून काळा रंग मारला होता. हवा इथंच निसटत होती. चढाला जोर यायचा कुठून?

"पण पट्टी मामानं मारली न्हाय, हे कसं दाखवायचं?" स्वप्नालीनं विचारलं.

पट्टीवर आवळलेल्या क्लिपच्या स्क्रूवर एक पिवळा टिपका होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा क्लिपवर. असे टिपके प्रेरणानं सयाजीरावांच्या अड्ड्यावरच्या गाड्यांवर पाहिले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि हसली. ते हसणं काही फार चांगलं नव्हतं.

शुक्रवारच्या सौद्याला जीप ढकलत अडतीच्या दारात आणली. स्वप्नालीची आत्या झुंबरबाई जयसिंगपूरहून खास आली होती. तिच्या बारा म्हशी, आणि आवाज त्या बाराही जणींना पुरेल एवढा. जीप विकत घ्यायचीय, पण आधीच्या विकणाऱ्याची खात्री हवी, अशी थाप मारून तिनं सयाजीरावांना बोलावून घेतलं.

"पावणं, गाडी कुणी उघडली-बिघडली न्हाय न्हवं?"

गिऱ्हाईक दिसताच सयाजीराव मेहुण्यावर केलेला आपलाच आरोप विसरले. "अवो आक्का, आमच्या अड्ड्यावरनं गाडी जाताना मी सोता पिवळा टिपका मारतो. कुणी स्क्रू फिरवला की टिपका तुटतोय. ह्यो बघा, जसाच्या तसा हाय. माझ्यामागं हात लागलेला न्हाय कुणाचा."

"सगळ्यांनी ऐकलं न्हवं?" झुंबरबाईनं विचारलं. पलीकडच्या अडतीतल्यांनीही ऐकलं होतं.

आईनं इंजिन चालू केलं. प्रेरणानं तांब्याभर साबणपाणी ओतलं. त्या अखंड पिवळ्या टिपक्याखालून बुडबुडे फुगले, फुटले, पुन्हा फुगले. अडते वाकून बघत होते. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी पेठ हसली. सयाजीरावांचा चेहरा बघून प्रेरणाला इतकं गोड वाटलं, की तिनं आणखी थोडं पाणी ओतलं. गरज नव्हती तरी!

"पोरी हायत का मेस्त्री!" म्हातारे अडते शंकरप्पा म्हणाले आणि तिघींच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता मामाची माफी मागा. इथंच," प्रेरणा म्हणाली.

मामा गर्दीच्या मागं उभा होता. सयाजीरावांनी रुमालानं मान पुसली. "मागतो की. पण पोरी, तुझा मामा माझ्या अड्ड्यावर आलताच कवा? मी तर त्याला आजच बघतोय."

हसणं थांबलं. आईनं इंजिन बंद केलं. शांतव्वा पदराचं टोक चाचपू लागली. प्रेरणानं एकेकाकडं पाहिलं. घरातल्या कुणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. शेवटी तिनं अप्पांकडं पाहिलं.

अप्पांनी टोपी काढली.

"वीरेशनं ही गाडी बघितलीच न्हाय," ते म्हणाले. "म्या त्येला इचारलंच न्हवतं. गाडी माझी मीच घेतली, आणि बिघडल्यावर नाव त्येचं घेतलं."