बांधालगतची पात

ती पात मोकळी का ठेवलीत, असं दुपारी तू विचारलंस आणि मी तुझ्यावर खेकसले. राग नको धरू, स्नेहल. आवणीत दिवसभर वाकून भाताची रोपं लावली की माझं डोकं ठिकाणावर नसतं, हे तुला या घरात दोन महिन्यांत कळलं असेलच. पण आज खेकसले ते कमरेमुळं नाय. बस इथं. लाईट काय जेवणाआधी येत नाय, तो चार्जिंगचा दिवा जवळ घे. संदेशला कंपनीतून यायला अजून टाइम आहे, त्याच्या आत सांगून टाकते. ही गोष्ट या घरात सासूनं सुनेला सांगायची असते. पुरुषांना नाय सांगायची.

आणि बांधावर एक म्हातारी बसलीय म्हणत होतीस, ती असेल मजुरीच्या बायांपैकी कोणाची तरी सासू. म्हाताऱ्यांना पावसात बसायची भारी हौस.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आवणीचा दुसरा दिवस होता. पाच बाया सांगितल्या होत्या, त्यांच्या चहाला पावडर आणि गूळ आणायला मी सकाळीच मुरबाडला गेले. दुकानात टीव्ही चालू. सीमेवर गोळाबारी सुरू झालेली, आणि टीव्हीतला माणूस असा ओरडत होता की जसं याच्या लग्नाची वरात निघालीय. दुकानदार पुडी बांधता बांधता मला म्हणतो, यंदा दाखवूनच देऊ त्यांना. मी विचारलं, तुझं कोण आहे रे तिकडं? पुडी पुढं सरकवून टीव्हीकडं वळला मेला.

माझी होती. तुझी नणंद मनाली, बावीस वर्षांची, लष्करी पोलिसांत. अकरा दिवस तिचा फोन नव्हता. मी मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवायची आणि चिखलात उभी असले तरी घडी घडी काढून बघायची. तुझे सासरे म्हणायचे, नेटवर्क नसेल. अकरा दिवस काय नेटवर्क नसतं?

आता पातीचं सांगते. तू आसनगावला वाढलीस, तुला आवणी नवीन. आपलं भाताचं मोठं खाचर लांबट आहे. बाया त्या टोकाला ओळीनं उभ्या राहतात, आणि रोपं रोवत रोवत मागे मागे सरत घराकडच्या बांधापर्यंत येतात. प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते ती तिची पात. आपल्या घरातलं कोणी लढाईवर असेल, तर कडेची, बांधालगतची पात त्याच्या नावानं मोकळी ठेवायची. कोणी लावायची नाय. नवस नाय, अंगारा नाय, नारळ नाय. छप्पन सालानंतर दीक्षा घेतली तेव्हा शकूआजीनं, म्हणजे माझ्या आजेसासूनं, घरातले सगळे देव सोडले. पात नाय सोडली.

मला हे पटायचं नाय. मी अंगणवाडीत पोरांना सांगते, भूत-बीत काय नसतं. पण माझ्या सासूबाई, सोनूबाई, म्हणजे तुझी आजेसासू, त्यांच्यापुढं कोणाचं चालायचं नाय, म्हणून ठेवली मोकळी.

त्या दिवशी शेजारची माधुरी माझ्या बाजूला लावत होती. तिला तोंडाला कुलूप नाय, तुला माहीत आहेच. ती म्हणाली, वंदना, ही पट्टी बघून मला कसंतरीच होतंय गो. मेलेल्या माणसाचं पान वाढून ठेवल्यासारखं वाटतंय. ती बोलून गेली, पण माझ्या काळजात काटा रुतला. मी त्या पट्टीकडं बघितलं. एवढं सगळं खाचर हिरवं झालेलं, आणि कडेला तेवढा काळा चिखल. एका माणसाच्या रुंदीचा. माझ्या पोरीच्या रुंदीचा. मला ते बघवेना, स्नेहल.

पाऊस वाढला म्हणून बाया दोनलाच निघून गेल्या. मी एकटी त्या टोकाला गेले, रोपाच्या मुठी घेतल्या आणि सगळी पात लावून काढली. रडत लावली. शेवटचं रोप रोवून बांधावर पाय ठेवला तेव्हा जीव जरा हलका झाला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई. त्यांनी पातीकडं बघितलं आणि तिथंच चिखलात खाली बसल्या. मला वाटलं पडल्या, म्हणून धावले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "ही तू लावलीस?"

मी म्हटलं, मी लावली. मीच आई आहे तिची, माझ्याहून जास्त हक्क कोणाचा?

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाय. आणि तिथं बसूनच त्यांनी मला सांगितलं, जे त्यांना शकूआजीनं सांगितलं होतं.

शकूआजीचा नवरा महिपत, तुझ्या नवऱ्याचा पणजोबा तो. ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आणि शकूआजी अठराची, कडेवर सोमा. महिपत आवणीला नेहमी बांधालगतची पात धरायचा. म्हणून पहिल्या पावसाळ्यात त्याच्या आईनं ती मोकळी ठेवली. पोरगा आला की लावील म्हणाली. दुसऱ्या वर्षी जमीनमालकाचा माणूस आला. तेव्हा खाचर आपल्या नावावर नव्हतं. जागा पडीक ठेवायची असेल तर जमीन सोडा, असं त्यानं दटावलं. सासू तापानं फणफणलेली. शकूआजीनं काय करावं? तिनं ती पात लावली.

त्याच संध्याकाळी ती किटलीभर पाणी घेऊन बांध चढत होती, तर समोर महिपत उभा. अंगात खाकी, गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, सगळा भिजलेला. तिच्याकडं बघत नव्हता. पातीकडं बघत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं हाक मारली. तेव्हा तो एवढंच बोलला, "माझी पात कुठं गो?"

आणि मग बांधावर कोणी नव्हतं. मऊ चिखलात पायाचा एक ठसा नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला सरकारी कागद आला. महिपत बेपत्ता. तारीख तीच होती. शकूआजीनं तोंड उघडलं नाय. सांगितलं असतं तर सासूनं म्हटलं असतं, तूच त्याची जागा बुजवलीस. सत्तावीस वर्षं ती बाई एकटीनं हे पोटात घेऊन जगली. मग एकाहत्तरच्या पावसाळ्यात लढाईची हवा तापली आणि सोमा, म्हणजे माझे सासरे, सीमेवर गेले. तेव्हा तिनं सुनेला जवळ बसवून सगळं सांगितलं आणि बजावलं, पात मोकळी ठेव. आपण लावायची नाय, आणि कोणी लावली तर विचारायचं नाय. सासूबाईंनी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पात लावलेली होती, दोरी धरून लावावी तशी सरळ. आणि सासरे लंगडत का होईना, घरी आले.

हे मी सगळं खरं धरलं. भूत नसतं म्हणणारी मी. पण अकरा दिवस फोन नसला ना, की माणूस काय वाट्टेल ते ऐकतो. मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, आता काय करायचं?"

"उपटायची," त्या म्हणाल्या. "सगळी."

लावलेलं भात उपटायचं. तुला नाय कळायचं ते, पण आमच्या हातांना ते जमत नाय गो, हात मागं येतात. तरी आमी दोघी उतरलो. त्या एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. वर पाऊस, खाली गुडघाभर चिखल. शेवटचं रोप निघालं तेव्हा पाच वाजून गेले असतील. उपटलेल्या मुठी त्यांनी पुन्हा बांधल्या आणि त्या टोकाला नीट रचून ठेवल्या. मग आमी घराकडच्या बांधावर येऊन बसलो. खाचराकडं पाठ करून. वळून बघायचं नाय, असं त्यांनी बजावलं.

ढग एवढे खाली आले होते की ऐनाचं झाड दिसेना. आणि एकदम पाऊस थांबला. बेडकंसुद्धा गप्प झाली. मग पहिल्यांदा वास आला. भिजलेल्या घोंगडीचा, आणि त्यात यंत्राच्या तेलाचा कसला तरी. आणि मग त्या टोकाकडून आवाज...

चुबुक.

रोप रोवताना बोटं चिखलात जातात ना, तो. दुसरा कसला नाय. जन्म गेला माझा तो आवाज ऐकण्यात. चुबुक... चुबुक... घाई नाय, थांबणं नाय. आणि तो आवाज जवळ येत होता. लावणारा मागे मागे येतो, स्नेहल. म्हणजे जो कोणी लावत होता, त्याची पाठ आमच्या पाठीकडं होती, आणि तो पावला-पावलानं आमच्याकडं सरकत होता.

मी सासूबाईंचा हात धरला. भीती वाटली का? वाटली. पण नुसती भीती नव्हती ती. लहानपणी पहिल्यांदा माळशेजचा कडा खालून बघितला होता, तेव्हा जसं तोंड उघडं राहिलं होतं, तसं काहीतरी झालं. आवाज अगदी मागं आला. हातभर अंतरावर. मानेवर गारवा जाणवत होता. तिथं तो थांबला.

तेव्हा सासूबाईंनी काय केलं असेल? आवणीला आपण पदर खोचतो, डोक्यावर प्लास्टिक घेतो. त्या बाईनं ते प्लास्टिक काढलं, खोचलेला पदर सोडला, चिखलाच्या हातांनी नीट डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली. मागं उभा असलेला तो चोवीस वर्षांचा असेल. पण सासरा होता त्यांचा. आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला.

"मामंजी," त्या हळू बोलल्या, "पोर लहान हाय आमची..."

वास विरत गेला, बेडकं पुन्हा ओरडायला लागली. आमी वळून न बघता घरी आलो. सकाळी जाऊन बघितलं, तर पात लावलेली. एकही रोप ओळीबाहेर नाय.

तिसऱ्या दिवशी मनालीचा फोन आला. आवाज ऐकला आणि मी चुलीपुढंच बसले. ती म्हणाली, आई, मी बरी आहे, पण एक विचारायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ती नाक्यावर उभी होती. एक तरणा जवान जवळ आला. विचित्र ढगळ अर्धी चड्डी, आणि हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. तिथं सगळा कोरडा डोंगर, चिखल कुठून येणार? तो आपल्या बोलीत तिला म्हणाला, "पोरी, बाजूला हो. ही पात माझी हाय."

आपल्याकडचा कोण भेटला म्हणून ती हसली, आणि गाव विचारायला दहा पावलं त्याच्या मागं गेली. मागं ती उभी होती ती जागा गोळ्यानं उडाली. धूळ बसल्यावर त्याला सगळीकडं शोधलं. तसा कोणी जवान तिथं नव्हताच.

ती विचारत होती, आपल्याकडचं कोण गेलंय गो फौजेत? मी म्हटलं, सुट्टीवर ये, मग सांगते.

सासूबाई या माघात गेल्या, तुझ्या लग्नाआधी तीन महिने. त्यांचा फोटो फ्रेम करून आणायचा अजून राहिलाय. जाताना त्यांना एकच रुखरुख होती. म्हणाल्या, मामंजी सगळ्यांच्या पाती लावतात, पण त्यांची त्यांना कोणी परत दिली नाय. मला ते फार लागलं. म्हणून यंदा मी दोन पाती मोकळ्या ठेवल्या. बांधालगतची महिपतची, आणि तिच्या शेजारची मनालीची. ती परत वर सीमेवरच आहे, आणि टीव्हीवर परत तेच सुरू आहे.

आज सकाळी गेले. महिपतची पात लावलेली होती. ऐंशी वर्षांनी गो... मी बांधावर उभी राहून हात जोडले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाबा घरी आला एकदाचा. आणि मग घरी येताना अर्ध्या वाटेत पाय थबकले. त्याची पात त्याला मिळाली. मनालीची तशीच मोकळी आहे. तो आला, निजला. आता माझ्या पोरीला बाजूला हो म्हणायला कोण जाईल?

त्यात दुपारी तू विचारलंस, ही पात मोकळी का. म्हणून खेकसले.

काय म्हणालीस? त्या म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला होता? प्लास्टिक नाय, नुसता पदर? भर पावसात... आणि मांडीवर रोपाच्या मुठी होत्या?

तू मला हे दुपारीच का नाय सांगितलंस गो?

थांब, बोलू नको. ऐक. पाऊस थांबलाय. बेडकं पण गप्प झालीत.

खिडकीकडं बघू नको, पोरी. दिवा खाली ठेव. ओढणी आहे ना गळ्यात, ती डोक्यावर घे. तुझी आजेसासू लागते ती.