कॉर्व्हेलांची मूठ

शेकोटीत लाकूड सरकवा पोरांनो, आणि मध्ये हसू नका. टेकडीवरच्या पायर्स कॉर्व्हेलने हे मला स्वतः सांगितलंय. तीन वर्षांपूर्वीची, दोन नोव्हेंबरची रात्र. मेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या लावतो ना आपण, तीच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकाचा बाप्तिस्मा होता. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेलं एकुलतं पोर. पाद्रीणबाईंकडे इस्त्रीला दिलेलं झबलं आणायला बायकोने, इमोजनने, त्याला पिटाळलं.

"नाव ड्रोगोच ना?" त्याने दारातून विचारलं.

"कुत्र्याला हाक मारल्यासारखं वाटतं. पण तुझं खानदान पडलं मोठं. ठेव."

ड्रोगो म्हणजे कॉर्व्हेलांचा मूळ पुरुष. साडेनऊशे वर्षांपूर्वी विल्यम राजाने इंग्लंड जिंकलं, तेव्हा त्याच्या मागोमाग फ्रान्सकडच्या नॉर्मंडीहून आला. त्या काळी जमीन द्यायची तर मालक गवतासकट मातीचं ढेकूळ उपटून दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. तेच खरेदीखत. इथला मालक वुल्फ्रिक मूठ काही उघडेना. ड्रोगोने ती मनगटापासून छाटली आणि ढेकूळ घेतलं. कॉर्व्हेल मंडळी मात्र सांगतात, वुल्फ्रिकने ते राजीखुशीने दिलं. पायर्सही तेच सांगायचा, मोठ्या तोऱ्यात.

झबलं घेऊन तो परतत होता. चर्चच्या भिंतीपाशी एक म्हातारा उभा होता, घोंगडं पांघरून. डाव्या हातात ओलं ढेकूळ.

"ड्रोगोचा का तू?"

"हो, त्याचाच." पायर्सला वाटलं, जास्त झालीय याला.

"घे मग."

पायर्स हसला. "आजोबा, आता सगळं माझ्या पोराचं. त्यालाच द्या."

म्हाताऱ्याने होकारार्थी मान डोलावली. घोंगडं घसरलं... उजवा हात मनगटापर्यंतच होता.

पायर्स पळत सुटला. घराला कुलूप तसंच. इमोजन झोपलेली. बाळ जागं होतं... रडत नव्हतं.

त्याने आधी बाळाचं उजवं मनगट पाहिलं. होतं. जागच्या जागी. पण मूठ...

"इमोजन... ऊठ."

दोघांनी एकेक बोट सोडवलं. आत ओली माती. गवत, मुळांसकट.

नाव टॉम ठेवलं. ड्रोगोचं नाव त्या घरात आता कुणी काढत नाही.

काल पोरगं दुकानात भेटलं. गोड आहे. मला टाटा केला. डाव्या हाताची नखं स्वच्छ. उजव्या हाताची... इमोजन रोज घासते. रोज सकाळी माती असते, ओली.