मोरेसाहेबांची लाकडी टाकी

आधीच सांगतो, ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाची आहे. आणि तो भाऊ आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, पलीकडच्या खोलीत खाटेवर पडलेला आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथूनच माघारी फिरावं.

रात्र, अमावस्या, पिंपळ असलं काही शोधू नका. हे घडलं भर दुपारी. २००६ सालच्या मार्चमध्ये, जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला.

तिथं तेव्हा वाईनचा कारखाना होता. मालक गणपतराव, मूळचे गुऱ्हाळवाले. एकदा अर्जेंटिनाला फिरून आले ते डोक्यात खूळ घेऊनच. तिकडं डोंगराच्या कुशीला कुणा फ्रेंच घराण्यानं द्राक्षबागा लावलेल्या, वाईन काढायची सगळी कारागिरी फ्रान्सची. तसलीच वाईन कोल्हापुरात काढायची म्हणून त्यांनी तिथला एक फ्रेंच जाणकार म्हातारा आणला. आणि तिथलीच एक जुनी लाकडी टाकी फळ्या सुट्या करून, जहाजात घालून आणली.

म्हाताऱ्याचं आडनाव मोरो. आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं मोरेसाहेब करून टाकलं. साहेब तांबडा रस्सा ओरपायचे, डोळ्यांतून पाणी गाळायचे आणि परत वाटी पुढं करायचे. माणूस लाख मोलाचा होता, खोटं कशाला बोला.

टाकी दोन पुरुष उंच. काळपट लाकूड, भोवती लोखंडी पट्ट्या, तळाला बारकं दार. मी आणि माझा थोरला भाऊ सयाजी, दोघंही तिथं कामाला. तयार रस काढून घेतला की टाकीत द्राक्षाचा चोथा उरतो. तो फावड्यानं बाहेर ओढायला एक माणूस आत शिरतो. चोथ्यातून गॅस निघतो. तो दिसत नाही, कळत नाही. माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

म्हणून मोरेसाहेबांनी शिस्त लावलेली. आधी पेटती मेणबत्ती आत सोडायची. विझली तर जायचं नाही. वरून पंखा चालू पाहिजे. आणि बाहेरच्यानं अधूनमधून टाकीवर दोनदा ठोकायचं, आतल्यानं ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

दादा हलगी वाजवायचा. त्यामुळं त्याचं उत्तर कधी साधं नसायचंच. फावड्याच्या दांड्यानं ठेका धरायचा.

टक-टका-टक.

मोरेसाहेबसुद्धा हसायचे.

त्यांचा अजून एक नियम होता. आत माणूस नसेल तेव्हा या टाकीवर ठोकायचं नाही. कधीच नाही. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता आम्ही गुऱ्हाळावर वाढलेली माणसं. खंडेनवमीला यंत्राची पूजा केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आदल्या दसऱ्याला मोरेसाहेब गावात गेले होते. आम्ही सगळ्या मशिनींना हार घातले. दादानं रिकाम्या टाकीला हळदकुंकू लावलं आणि तिच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटला. एकदा... दोनदा... फुटला.

आणि आतून आवाज आला...

टक. टक.

कुणीतरी म्हणालं, आवाज घुमला असेल. हशा पिकला, खोबरं वाटलं, विषय संपला.

संध्याकाळी मोरेसाहेब आले. पट्टीवरचं खोबरं बघून मटकन खाली बसले. मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच बोलले.

"रिकामं ठोकू नाही. तो उत्तर देतो."

कोण तो? मी विचारलं, तर उठून निघून गेले.

मग ती मार्चची दुपार.

दादा आत, मी दाराशी. मेणबत्ती नीट जळली होती. पंखा चालू होता. मी ठोकलं, ठेका आला. थोड्या वेळानं परत ठोकलं, परत ठेका आला. वर्षाराणी वहिनीनं डब्यात भरलं वांगं दिलं होतं. माझ्या आधी डबा उघडलास तर बघ, असा दादा आतूनच दम देत होता.

आणि पंखा थांबला.

लोडशेडिंग. त्या वर्षांत लाईटचा काही भरवसाच नव्हता.

दादाला हाक मारली. बाहेर ये म्हणालो.

काही नाही...

मी ठोकलं.

टक. टक.

साधं. ठेका नव्हता...

मी तसाच वाकून दारातून बॅटरी मारली. दादा पलीकडच्या कडेला पालथा पडला होता. दोन्ही हात अंगाखाली. फावडं त्याच्यापासून लांब, माझ्याजवळ.

तरीही आवाज येतच होता.

टक. टक.

त्याच्या डोक्याशेजारच्या फळीतून. मी बघत होतो. तिथं कुणाचा हात नव्हता...

मी आत घुसणार तेवढ्यात मोरेसाहेबांनी मागून कॉलर धरली. म्हाताऱ्यात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. त्यांनी मेणबत्ती पेटवून दारात धरली. फट्‌दिशी विझली. मी त्यांना शिव्या घातल्या, लाथा मारल्या, रडलो. माझा भाऊ डोळ्यासमोर मरत होता आणि मला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं. जनरेटर नुसता गचके खात होता.

शेवटी तो सुरू झाला. आत वारा गेला. मी दोर बांधून आत शिरलो आणि दादाला ओढून काढलं.

नाडी चालू होती. पण डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही, आता वाट बघायची. दादा घरी आला तो असा. डोळे उघडे. बोलणं नाही, ओळख नाही.

मोरेसाहेब त्याच महिन्यात परत गेले. जाताना गणपतरावांजवळ इंग्रजीत काहीतरी बोलले, ते गणपतरावांनी मला सांगितलं. तिकडंही या टाकीतून एका कामगाराला असंच जिवंत काढलं होतं. पुढं त्याचं काय झालं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

एक दिवस वहिनीच्या हातातला पेला खाटेच्या लाकडावर दोनदा आपटला. दादाचं बोट हललं.

टक. टक.

वहिनी ढसाढसा रडली. देवापुढं साखर ठेवली. मला हाताला धरून आत नेलं.

"भावजी, ह्यांना कळतंय सगळं. बघा की, उत्तर देत्यात!"

आळीतली माणसं बघायला आली. मलाही आनंद व्हायला पाहिजे होता. मी दादाची हलगी काढली आणि त्याच्या कानाशी वाजवली. त्याचाच ठेका. हा आवाज ऐकून माझा भाऊ जेवणावरून उठायचा.

तो ढिम्म हलला नाही.

वहिनीनं पेला आपटला. बोट लगेच हललं.

दोन वर्षांत कारखाना बंद पडला. गणपतरावांनी टाकी गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याला विकली. ती खोलायला मला बोलावलं. बाकीची माणसं बाहेर चहा पीत होती. मी एकटाच टाकीजवळ उभा होतो. मी ठोकलं नाही. जोतिबाची शप्पथ, मी हातही लावला नव्हता...

टक-टका-टक.

मी दारातून डोकं आत घातलं. कोरडी, रिकामी.

"दादा?"

टक-टका-टक... टक-टका-टक... घाईनं. जीव खाऊन.

मी धावत जाऊन गणपतरावांचे पाय धरले. टाकी देऊ नका म्हणालो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "आकाराम, घरी जा बाबा. सयाजी घरी हाय की."

मी परत टाकीकडं गेलो.

फळ्या सुट्या केल्या. ट्रकात रचल्या. ट्रक गगनबावड्याच्या रस्त्याला लागला. मी वळणापर्यंत मागं पळालो आणि रस्त्यातच बसलो. पुढं त्या फळ्यांची टेबलं झाली असं ऐकलं. कुठली फळी कुठं गेली, मी काय सांगू...

आत्ता पलीकडच्या खोलीत वहिनीनं पेला वाजवला. रोज संध्याकाळी वाजवते. उत्तर आलं. ती हसतेय. त्याच्याशी दिवसभराचं बोलतेय, त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतेय.

मला हाक मारतेय, भावजी, या की इकडं.

मला जावं लागेल.