राहिलेली दहा मिनिटं

एका पत्राला मी सतरा दिवस उत्तर दिलं नाही.

तसा मी पत्रांच्या बाबतीत व्यवस्थित माणूस आहे. वाचनालयाचं पत्र आलं, की त्याच दिवशी माझं उत्तर जातं : इतके खंड बांधून तयार आहेत, माणूस पाठवावा. पण हे पत्र मी चार वेळा वाचलं, घडी घातली, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात दोन फळ्यांच्या मध्ये ठेवलं आणि वरचा दांडा घट्ट फिरवला. आत्ताच नको, एवढाच त्यामागे विचार. तो ‘आत्ताच नको’ रोज सकाळी माझ्याआधी उठायचा.

सुरुवातीपासून सांगतो. नीट जमेल याची खात्री नाही. मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं बांधली; स्वतः काही सांगायची वेळ आली नाही.

गेल्या वर्षी मला सुईत दोरा ओवता येईना. माझी पुतणी माझ्याकडेच राहते, दातांच्या कवळ्या बनवते. तिचं बोलणंही तिच्या कवळ्यांसारखंच, नेमकं बसणारं आणि थोडं चावरं. तिनं मला कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आणलं आणि म्हणाली, “आत जा. त्या काही खात नाहीत.”

आत एक बाई होत्या. केस अर्धे पांढरे, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डाव्या डोळ्यावर झाकण धरलं.

“चौथी ओळ वाचा.”

“दिसत नाही.”

“तिसरी?”

“तीही… नाही.”

“मग दिसतंय तरी काय तुम्हाला?”

“हिरवे दोन, पांढरे एक. एकाहत्तरावं मिनिट.”

त्या गर्रकन वळल्या. तक्त्याशेजारच्या दारातून बाहेरचा टीव्ही दिसत होता. युरोपातल्या क्लबांची फुटबॉलची स्पर्धा, बाद फेरीचा सामना. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, “दोन झाले? कधी?” आणि माझ्या डोळ्यावरचं झाकण तसंच हातात घेऊन बाहेर गेल्या. मीही मागोमाग गेलो. माझा नंबर त्या दिवशी सामना संपल्यावर निघाला.

“फुटबॉल बघता?” काचा बदलत त्यांनी विचारलं.

“आजच्याआधी एकही सामना पाहिलेला नाही. वाचलेत मात्र चाळीस वर्षांचे. वाचनालयाची जुनी वर्तमानपत्रं मी बांधतो. शेवटचं पान वाचल्याशिवाय हातातून सुटत नाही.”

“म्हणजे सगळे निकाल पाठ, आणि थरार शून्य?”

“असंच… काहीसं.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या. पण अशा हसल्या, की मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी चुकवलंय.

चष्मा घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी तो स्वतः माझ्या कानांवर बसवला. एक काडी जरा वाकवली, पुन्हा बसवली. बोटं थंड होती, आणि क्षणभर जास्त थांबली… की मलाच तसं वाटलं? मी असल्या गोष्टींत जाणकार नाही. “उद्या चारला या,” त्या म्हणाल्या. “काडी सैल वाटली तर बघू. आणि उपांत्यपूर्व फेरीही आहे.”

काडी मुळीच सैल नव्हती. मी पावणेचारला पोचलो.

ते सामने आमच्याकडे भलत्या वेळी होतात, म्हणून दुकानात दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांचं रेकॉर्डिंग लागायचं. बाकावर पोस्टमन आणि बेकरीवाला असायचे, आणि मधल्या खुर्चीवर त्या. सगळे त्यांना ‘रेफ्री’ म्हणत, कारण नियम त्यांचे होते. खरं तर नियम एकच : ज्यानं सामना पाहिला नाही, त्याला निकाल सांगायचा नाही. शब्दानं नाही, खुणेनं नाही, चेहऱ्यानंही नाही. बेकरीवाला एकदा सामन्याआधी नुसता शीळ घालत आत आला, तर त्याला पंधरा दिवस बाहेर काढलं होतं.

मी गेलो तेव्हा तो नुकताच परत आला होता आणि दुप्पट बोलत होता.

“पेनल्टीवर जिंकणं म्हणजे चिठ्ठ्या टाकणं,” तो म्हणायचा.

“मग तू जा ना,” पोस्टमन म्हणायचा. “साठ हजार माणसं शिव्या देतायत आणि तू चिठ्ठी टाकतोयस. बघू पाय कसे लटपटत नाहीत!”

“माझे पाय भट्टीसमोर लटपटत नाहीत.”

“भट्टीला गोलकीपर नसतो!”

मग त्या माझ्याकडे वळायच्या. “बाइंडरसाहेब, तुमच्या वर्तमानपत्रांत काय म्हटलंय?” मग मी सांगायचो. कुठल्याशा जुन्या सामन्यात धुकं इतकं दाट पडलं होतं, की एका गोलकीपरला सामना थांबल्याचं कळलंच नाही, तो एकटाच गोल राखत उभा राहिला. त्या हनुवटीखाली मूठ धरून ऐकायच्या. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं. मी रात्री जुने खंड उघडून दुसऱ्या दिवशीच्या गोष्टी पाठ करू लागलो. वय चौसष्ट!

असं वर्ष गेलं. मधल्या खुर्चीशेजारचं स्टूल माझं झालं. त्यांचे पती जाऊन नऊ वर्षं झाली होती, हे मला पोस्टमनकडून कळलं. माझं लग्न झालेलं नाही, हे त्यांना माझ्या पुतणीकडून कळलं. आम्ही दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं.

मग यंदाची बाद फेरी आली. पहिला सामना परक्या मैदानावर होता, त्यात आमचे हिरवे तीन-शून्य हरले. परतीचा सामना पुढच्या आठवड्यात होता. दोन्हींचे गोल मिळून निकाल लागणार होता, म्हणजे पुढे जायला हिरव्यांना चार हवे होते.

“संपलं,” बेकरीवाला म्हणाला. “चार काही होत नाहीत.”

त्या काचेचा कपडा घडी करत होत्या. “माझा मुलगा बोलावतोय,” त्या एकदम म्हणाल्या. “त्याच्या गावी. दुकान बंद कर आणि ये, म्हणतो. महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय.”

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या.

“चला, पैज,” त्या म्हणाल्या. “चार झाले तर नाही जात.” मग माझ्याकडे बघून : “आणि तुम्ही? चार झाले तर तुम्ही काय करणार?”

माझ्या तोंडून शब्द निघून गेले. “एक गोष्ट… बोलेन.”

“कुणाशी?”

“तुमच्याशी.”

“कोणती?”

“चार झाले तर.”

पोस्टमननं बेकरीवाल्याला कोपर मारलं. त्या कपड्याची घडी उलगडून पुन्हा घालू लागल्या. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांच्या की माझ्या, आता आठवत नाही.

परतीच्या सामन्याला दुकानात श्वासही ऐकू येत होता. विसाव्या मिनिटाला हिरव्यांनी एक केला. मग काहीच नाही. चाळीस, साठ, सत्तर. खांबाला एक लागला, बाहेर दोन गेले. ऐंशिव्या मिनिटाला मी उठलो.

“कुठे?” त्या म्हणाल्या.

“खळ करून ठेवलीय… वाळेल.”

“दहा मिनिटांत?”

“दहा मिनिटांत तीन…” मी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना हरताना मला बघायचं नव्हतं. मी पायरी उतरलो. खळ वगैरे काही नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. दुकान माझ्या घरापासून तीनशे पावलांवर, तरी तिकीट लावून, पोस्टानं.

‘बाइंडरसाहेब, ऐंशिव्या मिनिटाला कुणी उठतं का? वर्षभरात मी तुम्हाला काय शिकवलं! नियम माझाच आहे, तेव्हा मी काही सांगणार नाही. राहिलेली दहा मिनिटं बघा. बघितल्यावर मला लिहा, म्हणजे मुलाला काय कळवायचं ते मला ठरवता येईल. महिनाअखेरपर्यंत वाट बघते.’

मला वाटलं, हा निरोप आहे. हरल्याचं तोंडानं सांगवत नाही, म्हणून नियमाचा आडोसा घेतलाय. सभ्य बाई आहेत. आता मी काय लिहायचं? सुखरूप जा? अकरा कच्चे मसुदे केले. एकाहून एक सुंदर वाक्यं. अकराही फाडले.

दुकानात जायचं बंद केलं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर वर्षभराच्या सवयीनं कागदाची पट्टी चिकटवत राहिलो, पण आता निकाल लपवायला नाही. मला तो वाचायचाच नव्हता.

पोस्टमन रोज यायचा. “पाहिलीत का, काका, दहा मिनिटं?”

“नाही.”

“मग मी काही बोलत नाही.” आणि असा खिन्न चेहरा करून जायचा, की माझी खात्री आणखी पक्की व्हायची. बेकरीवाला तर मला बघून रस्ताच ओलांडायचा. मला वाटायचं, दया येतेय बिचाऱ्याला.

सतराव्या दिवशी सकाळी पुतणीनं शिकंजा उघडला. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एक ओला नकाशा तिला दाबायचा होता. पत्र हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

“हे काय?”

“पत्र.”

“पत्र कळतं मला. काल मी चष्मा आणायला गेले होते. त्या खोकी भरत नव्हत्या, पण रिकामी खोकी आणून ठेवलीत. परवा मुलगा येतोय. काका, तुम्ही ही दहा मिनिटं पाहिलीच नाहीत?”

“बघायचं काय त्यात? दहा मिनिटांत तीन गोल…”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? समजतं.”

“कोणी सांगितलं नाही, तुम्ही पाहिलं नाही, तरी समजतं!” तिनं कपाळावर हात मारला. “धन्य आहे!”

तेवढ्यात पोस्टमन दारात आला. पुतणीनं त्याला बाहीला धरून आत ओढलं. “तुमच्या फोनवर तो सामना आहे का?”

“ताई,” तो म्हणाला, “सतरा दिवस खिशात घेऊन फिरतोय!”

फोन खळीच्या डब्याला टेकवून ठेवला. मी स्टुलावर बसलो. ऐंशिवं मिनिट. हिरव्यांचे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते, तंतोतंत मी सोडून गेलो होतो तसे.

त्र्याऐंशिव्या मिनिटाला कॉर्नर. एकाच उडीत तिघं, त्यातल्या एकाचं डोकं लागलं. दोन.

“कॉर्नर चांगला होता,” मी म्हणालो. आवाज माझा वाटेना.

सत्त्याऐंशी. लांबून मारलेला चेंडू कुणाच्या तरी पाठीला लागून वळला आणि गोलकीपर उलट्या बाजूला पडला. तीन. बरोबरी. मी उभा होतो. कधी उठलो ठाऊक नाही.

वाढीव वेळ चार मिनिटं. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात फ्री किक, चेंडू वरच्या दांडीवर आदळून खाली आला. समोर हिरव्यांचा तो म्हातारा बचावपटू होता, मोजे घोट्यापर्यंत घसरलेला, मघापासून ‘मला बदला’ म्हणून खुणा करणारा. त्यानं लाथ मारली ती हुकली. पाय मुरगळून तो खाली बसला, आणि चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून, गडगडत, अगदी सावकाश, गोलरेषा ओलांडून गेला.

चार.

इतका कुरूप गोल मी चाळीस वर्षांत वाचला नव्हता. साठ हजार माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. पोस्टमनही रडत होता. “नववी वेळ आहे माझी,” तो म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसू लागला. पुतणी टेबलावर मुठी आपटत होती. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

“म्हणजे,” मी म्हणालो, “त्या… जाणार नव्हत्या?”

“चौथा गोल झाला तेव्हाच ठरलं!” पोस्टमन ओरडला. “त्यांचं झालं. तुमचंच अडलंय! आम्ही बोलणार कसं? नियम!”

मी कागद शोधू लागलो. चांगला, जाड, कडेला पाणचिन्ह असलेला. मग थांबलो. गुडघ्यानं केलेला गोलही गोलच धरतात. वाचनालयाची एक मागणीची चिठ्ठी पडली होती, तिच्या पाठीवर लिहिलं :

‘चार झाले. मी आज पाहिले, म्हणून उशीर. तुम्ही जाऊ नका. मी सामने बघायला येत नव्हतो, तुमच्या शेजारी बसायला येत होतो. ती जागा मला कायमची द्या. दुकानातली, आणि दुकान बंद झाल्यावरचीही.’

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर बारावा मसुदा झाला असता.

“द्या इकडे,” पोस्टमननं हात पुढे केला. “दोन मिनिटांत पोचवतो.”

“नाही. पत्र पोस्टानं आलंय. उत्तरही पोस्टानंच जाईल.”

“अहो काका, दुकान इथून दिसतंय!”

“उद्या सकाळी पोचेल ना?”

“मीच तर पोचवणार!”

“मग झालं तर.”

पुतणीनं तिकीट चिकटवलं. तिघंही रस्त्यावर आलो. ऊन चांगलंच चढलं होतं. मी चप्पल उलटसुलट घातली होती, ते कोपऱ्यावर कळलं. तशीच राहू दिली. पेटीच्या फटीत हात घातला, बोटं उघडली, आणि पत्र आत पडल्याचा आवाज ऐकला.

पोस्टमननं किल्ल्यांचा जुडगा काढला, खालचं दार उघडायला वाकला, आणि तिथूनच म्हणाला, “काका, आता हात बाहेर काढा. नाहीतर उद्या तुम्हालाही शिक्का मारून न्यावं लागेल.”